डोमाजींचं प्रोफाइल

११ जून २०१२, अमरावती

नव्या नोकरीसाठी तेल्हाऱ्याहून अकोल्यामार्गे दुपारी पोचलो. माझी बायको शाहीन हिवाळ्यात वारली, तेव्हापासून आज पहिल्यांदा मन हलकं वाटलं. अम्मीच म्हणाली होती, जा, घरात बसून काय होणार. कंपनी बियाण्यांची आहे. वऱ्हाडभरातल्या दुकानांची मागणी इथल्या सर्व्हरवर येते आणि पेरणीच्या दिवसांत ते बंद पडून चालत नाही. सर्व्हरची खोली गार आहे. एका मोठ्या पेटीत ब्लेड, म्हणजे पातळ सर्व्हर, पुस्तकांसारखे उभे लावलेले आहेत. माझ्या जागी आधी डोमाजी म्हणून होते. खुर्ची त्यांचीच मिळाली आणि पार्वताबाईंकडची खोलीही त्यांचीच. जेवण तिथंच. खिडकीतून कडुलिंब दिसतो. शाहीनला आवडलं असतं.

१३ जून

साहेब खुशालराव यांनी काम समजावलं. ब्लेड म्हणजे नुसतं यंत्र. त्याचं नाव, नेटवर्कवरचा पत्ता, कोणती जोडणी कुठं जायची, हे सगळं प्रोफाइलमध्ये असतं. आज जळालेल्या ब्लेडच्या जागी नवा बसवला, बंद ठेवूनच त्याला जुनं प्रोफाइल लावलं, जोडण्या तपासल्या आणि चालू केला. दुकानांना बदल कळलाही नाही. खुशालराव म्हणाले, “नव्याले कोणी वळखत नाही. प्रोफाइल लावलं का तो जुनाच झाला.”

माझं कार्ड आणि लॉगिन व्हायचं आहे. तोवर डोमाजींचं वापरायला सांगितलं. शेजारी बसणारा शेखर म्हणाला, नवं कशाले मागता, इथं पंखाही जुन्या साहेबाच्या नावानं फिरते.

१९ जून

शेखर मला डोमाजीभाऊ म्हणतो. आधी चेष्टा वाटली. आज चौकीदारानंही तीच हाक मारली. अकोल्याच्या शाखेतून फोन आला, त्यांनीही कोण बोलतंय हे विचारलं नाही. पार्वताबाईंनी कारल्याची भाजी वाढली. मी कारलं खात नाही, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमीच तर मागून खाता. मान राखायला खाल्लं. मग आणखी घेतलं.

कार्ड अजून नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे का काही?

२७ जून

डोमाजी गेले कुठं, हे विचारलं. खुशालराव म्हणाले, बदली झाली. पार्वताबाई म्हणाल्या, वारले. शेखर चहा ढवळत म्हणाला, “कोनते डोमाजी? बारीक होते ते, का टकले?” मग त्यानं जीभ चावली आणि उठून गेला. नंतर माझ्याकडे पाहतही नव्हता.

४ जुलै

मुलाखत आठवली. कामाचं फार विचारलंच नव्हतं. घरी कोण, विचारलं. बायको वारली म्हणालो, तिथंच प्रश्न थांबले.

काल मी माझ्या नावाचं लॉगिन स्वतःच तयार केलं. आज ते नाही. खुशालरावांना जाब विचारला. ते रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चालू मानसावर प्रोफाइल बसत नाही, भाऊ. तुमी बंदच होते, म्हनून तर घेतलं.”

सामान भरून स्टॅंडवर गेलो. तेल्हाऱ्याची गाडी समोर उभी होती आणि मी नांदगाव खंडेश्वरच्या गाडीत चढलो. कंडक्टरनं तिकीट मागितलं तेव्हा कळलं. उतरून परत आलो.

९ जुलै

नांदगावहून एका बाईचा फोन. जाईबाई. डोमाजींची बायको असावी. तुमी गाडीत दिसले म्हणे, मग उतरले कावून? गुडघ्याला तेल लावता का, असं विचारत होती. कोणता गुडघा, हे मला माहीत होतं. मला गुडघ्याचं दुखणं नाही.

शाहीन नाकातली चमकी उजवीकडे घालायची. की डावीकडे—

१२ जुलै

अम्मीला फोन केला. मी उजैर, म्हणालो. ती म्हणाली, रॉंग नंबर. पुन्हा केला. माझ्या मुलाच्या नावानं मस्करी करू नका, म्हणाली आणि रडायला लागली.

रात्रभर शाहीन, शाहीन म्हणत पडून—

१५ जुलै

अम्मी आली आहे. खाली पार्वताबाईंच्या ओट्यावर. मी धावत गेलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, भाऊ, इथं उजैर कुठं राहतो?

मीच, म्हणालो. ती मागे सरली. म्हणाली, तू उजैर असशील तर त्याच्या बायकोचं नाव सांग.

वही घ्यायला वर आलो. ती अजून बसली आहे, थांबते म्हणाली. मला येतं ते नाव. इथं लिहितो आणि वही तिच्या हातात देतो, मग ती मला घरी नेईल. माझ्या बायकोचं नाव जाई—