स्तुतिगीत सुरू झालं की

मस्कत

प्रिय आई,

तुझ्या रोझलिनचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो, म्हणून लिहायला बसले. पप्पांचा गुडघा कसा आहे?

सायमनची होडी उलटली तेव्हा मला रजा मिळाली नाही. सख्ख्या भावाची माती मी मोबाईलवर पाहिली. सगळे गात होते, तू गात नव्हतीस. आता मावशी सांगते, तू मालवणच्या चर्चमध्ये जातेस, पण स्तुतिगीत सुरू झालं की मान खाली घालून गप्प बसतेस.

इथे आमची प्रार्थना शुक्रवारी असते. परवा प्रार्थना चालवणाऱ्यांनी सायमन पेटीवर वाजवायचा तेच गीत घेतलं. माझा आवाज आपोआप लागला. सगळी कडवी गायले आणि बरं वाटलं, आई. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. बाहेर जाऊन खूप रडले. माझ्या खोलीतली अन्नम्मा पाठीवरून हात फिरवत राहिली.

तू म्हणाली होतीस, "देवान माझो झील नेल्यान, आता तेची स्तुती मी कित्याक करू?"  

तू गाऊ नकोस. नुसती जाऊन बस. देव रागावणार नाही.

पण येत्या शुक्रवारी त्यांनी मला पुढे उभं राहून गायला सांगितलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आये, मी गायलंय तर तुका वायट वाटात काय?

तुझीच,
रोझलिन