पार्टिशनपलीकडचा कप

अप्पा,

परवाच्या रविवारी आमचा बॅडमिंटन क्लब चालायला गेला होता. तुम्ही असता तर विचारलं असतं, कुठे? तर कुठेच नाही. याला नेचर वॉक म्हणतात. रत्नागिरीतून बसने हातखंब्यापर्यंत जायचं, तिथल्या कातळाच्या उघड्या सड्यावर एक चक्कर मारायची आणि हायवेवरच्या बारमध्ये जेवायचं. एरवी कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर काढणारी ही मंडळी, पण अंगात एकसारखे पोपटी टी-शर्ट आणि परातीसारख्या सपाट सड्यावर दोन्ही हातांत काठ्या, जणू हिमालय चढायचाय. पुढे अध्यक्ष, गळ्यात शिट्टी. मिठाईच्या दुकानात बसून बसून त्यांचं पोट त्यांच्याआधी पोचतं. काजूच्या झाडाखाली उभं राहून एकाने "काय शुद्ध हवा आहे" म्हटलं आणि लगेच सिगरेट पेटवली. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. उन्हात एवढी माणसं पायी बघून तिला आमचा कळवळा आला. "गाडी बंद पडली काय वो तुमची?" अध्यक्ष म्हणाले, "नाय हो, आम्ही असंच चालतोय." "असंच?" म्हणाली आणि निघून गेली. थोड्या वेळाने ऊन वाढलं तसे आम्हीही बसकडे वळलो.

मी कशाला गेले म्हणाल, तर कपासाठी. यंदाच्या पावसाळी स्पर्धेत मिक्स्ड डबल्स मी जिंकले. जिंकलो म्हणायला हवं, कारण जोडीला आमचे एक वकील होते. शटल त्यांच्या डाव्या बाजूला आलं की "तुमचं, तुमचं" म्हणून बाजूला होणारे. या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून, अख्खं कोर्ट मी झाडलं. आयुष्यातला पहिला कप, अप्पा. तो जेवणाच्या वेळी देणार होते आणि मला तो सगळ्यांसमोर हातात घ्यायचा होता. यात लाजायचं काय, हवा होता मला.

बारच्या दारात अध्यक्षांनी शिट्टी वाजवली. "लेडीज इकडे, फॅमिली रूममध्ये." वर्षभर आमच्याबरोबर एका कोर्टवर घाम गाळणारे पुरुष डावीकडे परमिट रूममध्ये शिरले, आम्ही बायका उजवीकडे, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. "बरंच झालं, तो वास नको," अध्यक्षांच्या बायको म्हणाल्या. सोलकढी आली, सुरमई आली, आणि पलीकडून टाळ्या आल्या. आधी वकिलांचं नाव. मग "आणि मॅडम." कुठल्या मॅडम, ते सांगायची कुणाला गरज वाटली नाही. नंतर वकील मॅच समजावून सांगायला लागले. "मी म्हटलं, मॅडम, तुम्ही फक्त मागे राहा, पुढचं मी बघतो." पलीकडे सगळे हसले.

तिथे मला तुम्ही ऐकू आलात. अलोऱ्याची वीज प्रकल्पाची कॉलनी, असाच रविवार. मी शाळेत आहे आणि क्लबच्या हॉलमध्ये तुम्ही-मी मिळून मुंबईहून आलेल्या साहेबांना हरवलंय. "शटल खाली यायची वाट काय बघतेस, तू वर जा!" असं ओरडून ओरडून तुम्हीच मला शिकवलंय. शेवटचे सगळे पॉइंट माझे. घरी आल्यावर तुम्ही म्हणता, "जा गो, आईला भजी तळू लाग." मी कढईपाशी उभी, आणि बाहेरच्या खोलीत तुम्ही जमलेल्या मंडळींना सांगताय, मी असा स्मॅश मारला, मी तसा ड्रॉप टाकला. माझं नाव नाही. आई पीठ ढवळत म्हणाली, "पुरुष आहेत, बोलू देत." भज्यांचं ताट घेऊन मी बाहेर आले तेव्हा तुम्ही मान वर केली नाहीत. माझ्यावर ओरडताना तुम्हाला कधी संकोच वाटला नाही, पोरीमुळे जिंकलो म्हणायला मात्र वाटला. भित्रे होता तुम्ही, अप्पा. हे तोंडावर सांगायचं राहून गेलं.

मी उठले. "बसा हो, कप काय, घरी पोचवतील," अध्यक्षांच्या बायको म्हणाल्या. मी परमिट रूमचं दार ढकललं. एकाने ग्लास टेबलाखाली घेतला, मी त्याची आई असल्यासारखा. "मॅडम, काही हवं होतं का? वेटरला सांगायचं ना," अध्यक्ष म्हणाले. कप टेबलाच्या मधोमध होता आणि त्यात मसाला शेंगदाणे भरले होते. ते मी वकिलांच्या ताटात ओतले, कप माझ्या पोपटी टी-शर्टला पुसला, खुर्ची ओढली आणि बसले. "हां, वकीलसाहेब. पुढचं कसं बघितलंत ते सांगा." वकील ताटातल्या शेंगदाण्यांखाली सुरमई शोधायला लागले. माझ्याशी कुणी बोललं नाही, परतीच्या बसमध्येही नाही. ग्रुपवर फोटो आलेत. त्यात कप आहे, वकील आहेत.

हा कागद उद्या रद्दीत जाईल, जपून ठेवायचं नाटक माझ्याच्याने होणार नाही. एक मात्र सांगते. ते दार ढकललं तेव्हा कपाच्याही आधी मी त्या टेबलांवर तुम्हाला शोधलं. तुम्ही तिथे असता तर मान खाली घालून जेवत राहिला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी शोधलं.