थँक्सगिव्हिंगपर्यंतचं पाणी

१ सप्टेंबर
यंदा तलावाचं पाणी उतरू देणार नाही. म्हणजे नाहीच! खालच्या कालव्यात बोटी चालाव्यात म्हणून दरवर्षी धरणाच्या दारात पाणी अडवणारे ओंडके काढतात, आमचा तलाव उतरतो आणि वाटेतल्या अरुंद जागी खडक वर येतात. माझ्या घराला रस्ता नाही, यायचं तर बोटीनेच. मग लोर्ना म्हणते, बाबा, पाणी कमी असेल, पुढच्या वर्षी बघू. तिची आई बर्निस गेल्यापासून ऑक्टोबरातले सगळे थँक्सगिव्हिंग असेच गेले. पोरीचा दोष नाही. दोष पाण्याचा.

२ सप्टेंबर
बोट बांधायच्या, पिंपांवरच्या नव्या डॉकच्या कडेला लाल रंगाने फूट-इंच आखले. पाणी मोजायचं सुबक गेज. आता कालव्याच्या ऑफिसला पुराव्यानिशी ईमेल.

६ सप्टेंबर
धरणावरच्या गार्नेटने पहिला ओंडका काढला. जाऊन झापलं. म्हणाला, वरून फोन आला की काढायचा, फोन आला की टाकायचा, मला काय! म्हटलं, वरच्यांना सांग, वेंडेलचं लक्ष आहे. म्हणाला, सांगतो, झोपच उडेल त्यांची. उडायलाच हवी.

११ सप्टेंबर
दुसरा ओंडका काढला म्हणे. गेजवर केसभरही फरक नाही! ईमेलचा परिणाम. गार्नेट नुसतं नाटक करतोय.

१२ सप्टेंबर
लोर्नाला फोन. सांगितलं, तलाव काठोकाठ. तिने दोनदा विचारलं, नक्की? आनंदाने असणार. मग म्हणाली, बघू. यंदाचं ‘बघू’ वेगळं वाटलं.

२० सप्टेंबर
गेज जिथल्या तिथे. टर्की मोठी सांगितली. बर्निसच्या खुर्चीचा पाय चिकटवला, नातवाला बसायला. माझी बोट मात्र काठाशी चिखलात रुतलीय. जड झाली असेल.

२७ सप्टेंबर
गार्नेट आला. गेज बघून हसत हसत खालीच बसला मेला. अहो वेंडेल, म्हणाला, तुमचा डॉक तरंगतो! पाणी उतरलं की तोही उतरतो, तुमच्या आकड्यांसकट! म्हटलं, माहितीये मला, तुझी परीक्षा घेत होतो. कॉफी प्यायला, बराच वेळ बसला. घरात कुणाचं तरी हसणं ऐकून बरं वाटलं. त्याला सांगितलं नाही.
तो गेल्यावर काठच्या खडकावर नवं गेज आखलं. पाणी फारच खाली आहे.

२ ऑक्टोबर
पाऊस थांबत नाही. ओंडके परत टाकायचा हुकूम आला. ईमेल वाचले तर शेवटी!

७ ऑक्टोबर
खडकावरचं गेज: भरपूर पाणी. ऑक्टोबरात असं कधी पाहिलं नव्हतं. गार्नेट म्हणाला, लेकीने जहाज आणलं तरी येईल. चादरी बदलल्या. दिवसभर खिडकीशी.

८ ऑक्टोबर
लोर्नाचा फोन. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, बाबा, पाणी उतरलंच असेल ना आता? पोराची मॅच आहे, आणि शिवाय...
समोर पाणी पायरीला लागलं होतं.
म्हटलं, हो गं, फारच उतरलंय. खडक दिसायला लागले.
तिने सोडलेला श्वास इथवर ऐकू आला. म्हणाली, पुढच्या वर्षी नक्की.

९ ऑक्टोबर
टर्की एकट्याने खाल्ली. संपणार नाही. बर्निसची खुर्ची पक्की चिकटलीय, बसून पाहिलं.
दुपारी खडकावरचं गेज घासून घासून काढलं. पुढच्या वर्षी डॉकवरचंच बरं.