थरथर विरेपर्यंत

प्रिय तारास,

विनिपेगचं बर्फ अजून हटलेलं नाही आणि तुझ्या खुर्चीवर हल्ली वेंडेल आपला कोट टाकतो. साहेबाला काय बोलणार? मी गुपचूप उचलून खुंटीला अडकवते. परत आलास तर जागा मोकळी हवी ना.

धान्य वाळवायच्या मोठ्या पंख्याची चौकट माझ्या गळ्यात पडली आहे. संगणकावर पंख्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि चौकट किती थरथरते ते पाहायचं, आपलं नेहमीचंच काम. पण मेलं उत्तर काही एकसारखं येईना! आधी दोन मिलिमीटर. वेगाचे टप्पे बारीक केले तर नऊ. आणखी बारीक केले तर चाळीस! वेंडेल म्हणाला, "अगं लोर्ना, चौकट हलतेय की उडून चाललीय?" मी आकडेमोडीसाठी चौकटीवर आखलेली जाळी बदलली, बोल्ट तपासले, दिसेल त्याच्यावर खेकसले. तू असतास तर बटाटा भरलेल्या पिरोगी खात खात म्हणाला असतास, "बाईसाहेब, ती थांबते कशानं, ते सांगितलंत का तिला?"

तेच राहिलं होतं रे. थरथर आपोआप विरत जाते, त्याचा आकडाच मी भरला नव्हता. मग चौकटीच्या स्वतःच्या लयीशी वेग जुळत आला की उत्तर फुगतच जाणार, आवरणारं कोणी नाही. काल खाली कारखान्यात जाऊन खऱ्या चौकटीवर थरथर टिपणारा सेन्सर चिकटवला, तुझ्याच डबीतल्या मेणानं. रबरी हातोडीनं ठोकलं, थरथर कशी विरते ते मोजलं आणि आकडा भरला. आता टप्पे कितीही बारीक करा, उत्तर तीनवरून हलत नाही. पण डबी उघडली तेव्हा तो मेणाचा वास आला आणि मी तिथंच बसून राहिले. पूर्वी ठोकायचास तू आणि मी पडद्याकडे बघायचे. खरं सांगू? तुझ्याकडेच बघायचे.

तेव्हा तुला विचारायला काही उरलेलं नाही. हे कोडं सुटूच नये असं वाटत होतं. त्या निमित्तानं तुला बोलावता आलं असतं. आईच्या आजारपणासाठी तू गावी डॉफिनला निघालास, तेव्हा "जा, काळजी घे" एवढंच मी म्हणाले. आता तुझ्या आईही राहिल्या नाहीत. घर विकायला काढलंस म्हणे, आणि पुढं कुठं जायचं ते तुझं ठरलेलं नाही. इकडे ये रे. कामासाठी नको, काम झालंय. माझ्यासाठी ये.

कधीपासूनची तुझीच,
लोर्ना