पिंपातला बोल्ट

मी, लेलँड ऑकरमन, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा जुन्या लष्करी रायफलींची पारख, राहणार मिलर्स फोर्ड, पेनसिल्व्हेनिया, लिहून ठेवतो की माझे गुडघे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने करत नाही. धाक आहे तो माझ्याच मनाचा. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते फुशारकीत लिहिले होते.

कलम १. घर, मागची शेड आणि बँकेतली शिल्लक पुतण्या डेल याला. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच. शेडचे छप्पर गळते हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे मागाहून कुरकुर नको.

कलम २. भिंग, मापाची हत्यारे आणि कारखान्यांच्या शिक्क्यांच्या माझ्या वह्या क्लाइड हफमन याला. त्याने एकदा रायफलीचा नवा लाकडी दस्ता जुनाट रंगवून मूळचा म्हणून माझ्या गळ्यात मारला होता. तो राग मी तेवीस वर्षे जपला. पण त्या वह्या समजणारा पंचक्रोशीत तोच एक आहे.

कलम ३. शेडमधल्या अकरा रायफली विकाव्यात. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली आहे: मूळचे काय, बदललेले काय, किंमत किती. डेल, चिठ्ठीबाहेरचा एक शब्दही गिऱ्हाइकाला सांगू नकोस.

कलम ४. बारावी रायफल विकायची नाही. ही जर्मन माउझर दुधाची गाडी चालवणाऱ्या हॉमर डिगनची; दुसऱ्या महायुद्धातून परतताना आणली, असे तो सांगायचा. १९८६ च्या शरदातल्या बंदूक मेळ्यात तो ती माझ्या टेबलावर घेऊन आला. बरोबर त्याची मुलगी नोरीन होती. नळीवर एक क्रमांक, गोळी नळीत सरकवणाऱ्या बोल्टवर दुसराच; मूळच्या रायफलीत दोन्ही जुळतात. मी भिंग खाली ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोललो.

"हॉमर, ही युद्धातनं आणलेली नाही. दुकानातली जोडतोड आहे ही."

"परतीच्या बोटीवर सगळ्यांच्या रायफलींचे बोल्ट काढून घेतले होते रे, कुणी उगाच गोळीबार करू नये म्हणून. एका पिंपात टाकले. उतरताना हाताला लागला तो उचलला."

"वा! पिंपातला बोल्ट! बोट तरी खरी होती ना?"

हॉल खदखदून हसला. हॉमर रायफल तिथेच टाकून गेला. मी चाळीस डॉलर पाठवले, ते त्याने परत धाडले. खरे सांगायचे तर मला तेव्हा बरे वाटले होते. युद्ध संपले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. जाऊन आलेल्यांचा मला आयुष्यभर हेवा वाटला.

१९९८ मध्ये नेब्रास्काहून आलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याने आपली रायफल माझ्यापुढे ठेवली. तिचाही बोल्ट दुसऱ्याच क्रमांकाचा. त्याने न विचारता तेच पिंप सांगितले आणि बोटीचे नावही हॉमर सांगायचा तेच. म्हणजे ज्या बोल्टवरून मी हॉमरला खोटा ठरवला, तोच त्याच्या खरेपणाची खूण होता. तोवर हॉमरला जाऊन चार वर्षे झाली होती. मी गप्प राहिलो. पारख्याची पत गेली की उरते काय? ती पत राखण्यासाठी मी मेलेल्या माणसाचे नाव मातीत राहू दिले. मी अपराधी आहे.

ही रायफल, बोल्टसकट, नोरीनला द्यावी. <s>माझ्या मृत्यूनंतर हे कलम डेलने मेळ्यात माइकवर वाचावे.</s>

कलम ५. काल वरचे लिहून झाल्यावर नोरीनला बोलावले. शाळेच्या स्वयंपाकघरातून ती ॲप्रनसकट आली. कागद उभ्यानेच वाचला.

"म्हणजे तुम्ही मेल्यावर?"

"हो."

"बाबांना चारचौघांत जिवंतपणी हसलात. आणि स्वतःची वेळ आली की शवपेटीत लपणार?"

"नोरीन, माझं वय..."

"वय नका सांगू मला. त्यानंतर मेमोरियल डेला माजी सैनिकांच्या संचलनात बाबा कधी चालले नाहीत. आठ वर्षं फुटपाथवर उभे राहायचे, खिशात हात घालून. माझ्या सख्ख्या भावानं विचारलं त्यांना, 'बाबा, तुम्ही नक्की गेला होतात ना?' पोटच्या पोरानं!"

मी रायफल पुढे केली. तिने हात लावला नाही.

"शनिवारी मेळा आहे. तुम्हाला तोंड आहे. आधी बोला, मग आणा दारात. घेईन की नाही, ते तेव्हा बघू."

म्हणून कलम ४ मधले शेवटचे वाक्य मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. शनिवारी सकाळी दहा वाजता मी स्वतः बोलणार. त्याआधी मेलो तर डेलने वाचावे, आणि शेवटी एवढे जोडावे: खरे सांगायला याला अकरा वर्षे मिळाली होती.

मिलर्स फोर्ड, गुरुवार, १५ ऑक्टोबर २००९.
सही: लेलँड ऑकरमन

लेलँडने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्याच्यासमोर केली:
१. व्हर्ना कल्प, शेजारीण
२. एल्मर शूमवे, न्हावी. त्या दिवशी हॉलमध्ये मीही हसलो होतो. शनिवारी त्याच्या शेजारी उभा राहीन.