तुडवलेला तळ

बाबा, तू जाऊन वीस वर्षं झाली, पण कारखान्यामागचा तो खड्डा माझ्या डोक्यातून जात नाही.

तुर्भ्याच्या त्या कारखान्यात मी नुकतीच टायपिस्ट म्हणून लागले होते. आपल्या गावातली ऑफिसात जाणारी पहिली मुलगी, म्हणून तू भेटेल त्याला सांगत सुटायचास. मला मेलं लाजल्यासारखं व्हायचं. रसायनांचा गाळ टाकायला साहेबांना पक्क्या तळाचा खड्डा हवा होता. कंत्राटदाराने मिठागरातली माणसं आणली, कारण मिठाच्या कोंडीचा, म्हणजे वाफ्याचा, तळ पाणी झिरपू नये असा तुमच्यासारखा कुणी तुडवत नाही. त्या माणसांत तू होतास. शिमगा उलटल्यावर आठ दिवस तुम्ही खाडीची चिकणमाती थरावर थर तुडवलीत. खिडकीतून तू दिसायचास. तो माझा बाप, हे मी ऑफिसात कुणाला बोलले नाही.

शेवटच्या दिवशी तू तसाच, गुडघ्यापर्यंत चिखल, माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतोस. "साहेबाला सांग, गाल टाकंपर्यंत रोज पानी मारा. माती सुकली त फुटंल. आपली हीर जवल हाय, इसरू नको."

"सांगते रे, तू जा आधी," मी म्हणते, आणि कुणी बघितलं नाही ना ते पाहते.

खड्डा सगळा उन्हाळा कोरडा पडून राहिला. मग त्यात गाळ ओतला. गणपतीपर्यंत विहिरीचं पाणी पिवळं झालं, गुरंही तोंड लावेनात. गावात टँकर सुरू झाला. लोक तुझ्या तोंडावर म्हणाले, "पाय म्हातारं झालं तुजं." तू भांडला नाहीस. मिठागरात परत उतरलाही नाहीस. "कुटंतरी राह्यलं माज्याकरनं," एवढंच म्हणायचास, आणि मी जेवण वाढत राहायचे.

आता ती माती उकरून जाड प्लास्टिकमध्ये बंदिस्त केली आहे. विहीर बुजवली.

बाबा, तुझं काम चोख होतं. निरोप मी साहेबांना दिलाच नाही. त्यांनी विचारलं असतं, कोण म्हणतंय? आणि मला "माझे बाबा" म्हणायचं नव्हतं. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार होते. विहिरीचा विषय निघाला की ती अजून सांगते, "त्यांच्याकरनं चूक झाली, पन मानूस चांगला होता." कालही म्हणाली. मी शेजारीच बसले होते.