मंगळवारची रहस्यं

खारी, भाईंदर (पू.)
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आईंस सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. काल रोशनचं ऑपरेशन नीट झालं. पोटातली गाठ तपासायला पाठवलीय. तुम्ही पाय मोडून वसईला मावशींकडे अडकलात, तेव्हा संध्याकाळची जपमाळ मीच म्हटली.

आई, माझी चूक झाली. जपमाळेत मंगळवारी येशूच्या दुःखाची पाच रहस्यं म्हणायची हे लग्नानंतर दोन वर्षांत मला पाठ झालंय. पण तो आयसीयूत असताना फटके, काटे, क्रूस... जीभच वळेना. मी सरळ सोमवारची, त्याच्या जन्माच्या आनंदाची म्हटली. आता रिपोर्ट वाईट आला तर माझ्यामुळेच, असं वाटत राहतं. आणि क्रुसावर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मग त्याला रहस्य का म्हणायचं?

माया असू द्यावी.
तुमची इशिता

वसई
१७ नोव्हेंबर

चि. इशितास अ. आ.

अगं वेडाबाई, देव काय हजेरी घेणारा मास्तर आहे? वार चुकला म्हणून माझ्या लेकाला छळेल तो? असल्या देवापुढे मी चाळीस वर्षं गुडघे टेकले असते होय!

लपवलेली गोष्ट कळली की संपते. हे देवाने उघड दाखवलंय, तरी कळून संपत नाही, म्हणून रहस्य. दुःखाचं पहिलं बागेतलं. क्रुसाच्या आदल्या रात्री येशू घामाघूम झाला, हे मरण टळू दे म्हणाला. इतकी वर्षं मी ते घडाघडा म्हटलं. त्या मंगळवारी मात्र तिथेच अडकले, पुढचा मणी सरकेना. त्यालासुद्धा भीती वाटली होती गं! खूप रडले. ताईला वाटलं, पाय दुखतोय.

रोशनला पेजच दे. तिखट मागेल, देऊ नकोस.

लोभ आहेच, तुझाही राहू दे.
आई

खारी
२६ नोव्हेंबर

ती. आईंस सा. न. वि. वि.

गाठ साधी निघाली! कॅन्सर नाही! डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, तरी मी तिसऱ्यांदा विचारलं. रोशन हसला, मग टाके दुखले म्हणून माझ्यावरच चिडला.

काल मंगळवार, म्हणून दुःखाची म्हणायला बसलो. बागेतलं पहिलं झालं आणि रोशन थांबला. म्हणाला, स्ट्रेचर आत नेताना तो इतका घाबरला होता की तुम्हाला हाका मारणार होता. मी दारात हसत उभी होते, म्हणून गप्प राहिला. मी कशी हसत होते ते माझं मला माहीत, आई! मग दोघंही पोटभर रडलो. पुढची चार रहस्यं राहूनच गेली.

पाय सांभाळा, आणि आमच्यावर जीव आहे तसाच असू द्या.
तुमची इशिता